नदीची धास्ती आणि लेकीचे शिबिर

प्रश्न : आमचे गाव चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यात आहे. माझी मुलगी अकरा वर्षांची असून यंदा सहावीत जाणार आहे. तिच्या शाळेत मे महिन्यातील पाच दिवसांच्या निसर्गशिबिराचे पत्रक वाटले गेले, आणि तेव्हापासून तिने जाण्याचा हट्ट धरला आहे. शिबिर जंगलाच्या कडेला, नदीजवळ आहे. आमच्या भागात वाघाने माणूस मारल्याची बातमी नाही असा उन्हाळा जात नाही. त्याहून मोठी अडचण माझी स्वतःची आहे. माझा मामेभाऊ नऊ वर्षांचा असताना नदीत बुडून गेला आणि त्यानंतर मी कधी नदीच्या पाण्यात पाय घातलेला नाही. मुलीलाही पोहायला शिकवले नाही. सासूबाई म्हणतात, "आमचा जलम जंगलात मोहं वेचण्यात गेला, आता जंगल पाहाले पैसे कायले द्या लागते?" यजमान म्हणतात, तूच ठरव. मी काय करावे?

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात दोन भीती शेजारी शेजारी आल्या आहेत, परंतु त्या एकसारख्या नाहीत. वाघाची भीती तुमच्यापर्यंत बातम्यांमधून पोहोचली आहे आणि नदीची भीती तुमच्या घरातून गेलेल्या एका मुलामुळे आलेली आहे. दोन्ही खऱ्या आहेत. माझे मत आधीच सांगते : मुलीला पाठवावे, मात्र पाणी, ऊन आणि रात्र या तीन बाबतींत आयोजकांकडून नेमकी उत्तरे मिळाल्यानंतरच. ती उत्तरे गुळमुळीत असतील तर नकार द्या आणि त्या नकाराचे ओझे मनावर घेऊ नका.

आधी नदीविषयी लिहिते, कारण अशा शिबिरात मला वाघापेक्षा पाण्याची काळजी अधिक वाटते. वैनगंगेला मिळणाऱ्या आपल्याकडच्या नद्या-नाल्यांचे रूप मे महिन्यात फसवे असते. विस्तीर्ण रेती, मधून वाहणारी घोटाभर धार आणि कडेला एखादा शांत, हिरवट डोह असे ते दृश्य पाहून कोणालाही वाटावे की इथे लेकरांना मोकळे सोडायला हरकत नाही. परंतु डोह हा नदीच्या वळणावर किंवा खडकाच्या पायथ्याशी पावसाळ्यातील लोंढ्याने खोदलेला असतो आणि त्याचा उतार काठावरून कळत नाही. त्यात अलीकडच्या काळात यंत्रांनी रेती उपसल्यामुळे पात्रात जागोजागी उभ्या कडांचे खड्डे पडले आहेत. अशा खड्ड्याच्या काठावर मूल उभे राहिले की त्याच्या वजनाने रेती ढासळते, आणि गुडघाभर पाण्यात असलेले मूल पुढच्या पावलाला डोक्यावरच्या पाण्यात जाते. जिथे वरच्या बाजूला धरण किंवा बंधारा आहे तिथे पाणी सोडले की पात्रातील पातळी थोड्याच वेळात चढते, हीही गोष्ट काठावर खेळणाऱ्या मुलांच्या ध्यानात येत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी भंडारा जिल्ह्यातील एका शिबिरात मी मुलांसोबत गेले होते. आयोजक मनाने चांगले होते, परंतु नदीवरची जागा त्यांनी आदल्या वर्षीच्या आठवणीवर निवडली होती आणि मधल्या काळात तिथली रेती उपसली गेली होती. दहा वर्षांचा एक मुलगा दोन पावलांत गळ्यापर्यंत गेला. जवळच जाळे टाकत असलेल्या एका ढिवर गृहस्थांनी पाण्यात उडी न घेता हातातला लांब बांबू त्याच्याकडे सरकवला आणि त्याला ओढून काठाला आणले. आम्ही शिकलेली चार मोठी माणसे तिथे होतो आणि त्या बांबूची आठवण आमच्यापैकी एकालाही झाली नव्हती. त्या दिवसापासून कोणत्याही शिबिराला मी पहिला प्रश्न हाच विचारते की मुले ज्या जागी पाण्यात उतरणार आहेत ती जागा त्याच दिवशी सकाळी बांबूने चाचपून कोण पाहणार आहे. उत्तरात गावातल्या ढिवर किंवा मासेमार माणसाचा उल्लेख आला तर माझा जीव निम्मा भांड्यात पडतो.

तुम्हीही हेच विचारा. त्याबरोबर हेही विचारा की पाण्याची मर्यादा गुडघ्याखाली ठेवली आहे का, ती दाखवणारी दोरी बांधली जाते का, प्रवाहाच्या खालच्या बाजूला मोठे माणूस उभे असते का, आणि एका वेळी किती मुले उतरतात. काठावर बांबू, दोर आणि हवा भरलेली ट्यूब तयार असली पाहिजे. प्रवेशपत्रावर "मुलीला पोहता येत नाही" हे वाक्य स्वतःच्या हाताने लिहा आणि ते शिबिरप्रमुखांना तोंडीही सांगा. एक गोष्ट प्रत्येक पालकाला ठाऊक असावी : पाण्यातून काढलेल्या, श्वास थांबलेल्या मुलाला उलटे टांगणे, गरगर फिरवणे किंवा त्याचे पोट दाबणे या आपल्याकडच्या समजुतींमुळे मोलाची मिनिटे वाया जातात. तोंडाने श्वास देणे, छाती दाबणे आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावणे हाच उपाय आहे. शिबिरातील किती जणांना हे करता येते, ते विचारण्यात संकोच बाळगू नका.

आता दुसरी बाजू. नदी मुलांना जे शिकवते, त्यातले बहुतेक घोटाभर पाण्यातच असते. वाहत्या धारेतला एखादा दगड हलकेच उलटून पाहिला तर त्याच्या खालच्या बाजूला शेपटीला तीन बारीक धागे असलेले चपटे किडे चिकटलेले दिसतात. हेच किडे पुढे पंख फुटून हवेत उडतात आणि फार थोडा काळ जगतात. वाळूचे कण एकमेकांना चिकटवून स्वतःभोवती नळी बांधणारी अळीही तिथेच सापडते. हे जीव जिथे नांदतात तिथले पाणी बऱ्यापैकी स्वच्छ असते आणि गावाचे सांडपाणी मिसळले की ते आधी नाहीसे होतात, हे एकदा डोळ्यांनी पाहिलेले मूल पुढे नदीत कचरा टाकताना थबकते. पाहून झाल्यावर दगड होता तसा ठेवायचा, ही त्या खेळातली सर्वांत महत्त्वाची शिस्त आहे. उन्हाळ्यातच टिटवी उघड्या जमिनीवर आणि नदी सुरय हा पक्षी रेतीवर अंडी घालतात. ती खड्यांच्या रंगाची असल्यामुळे पायाखाली येण्याचा धोका असतो. म्हणून टिटवी डोक्यावरून ओरडत घिरट्या घालू लागली की आहे त्या जागी थांबून, खाली पाहत, आल्या वाटेने मागे फिरायचे असते. पहाटेच्या ओल्या रेतीवर रात्रीचा सगळा वृत्तान्त लिहिलेला असतो : चितळाचे दुभंगलेले खूर, रानडुकराचे त्याहून बोथट खूर, नखे उमटलेला कुत्र्याचा पंजा आणि नखे न उमटलेला बिबट्याचा पंजा. यासाठी पोहता येण्याची आवश्यकता नाही. ज्या शिबिराच्या कार्यक्रमात नदीवर केवळ "जलक्रीडा" लिहिलेली आहे, ते शिबिर तुमच्या मुलीसाठी नाही. जिथे नदीकाठी पाहायचे काय, हे लिहिलेले आहे, ते पाहण्याजोगे आहे.

तुमच्या मनातील धास्तीविषयी एक गोष्ट थोडी कठोर वाटेल, तरी लिहिते. पाण्यापासून पूर्ण दूर ठेवलेले मूल पाण्यापासून सुरक्षित राहतेच असे नाही. सुट्टीत बोडीवर म्हणजे लहान तळ्यावर, कालव्यावर किंवा रेतीच्या खड्ड्यात जी मुले बुडतात, ती घरी न सांगता, मैत्रांबरोबर, कोणी मोठे माणूस सोबत नसताना गेलेली असतात. खोली कशी ओळखावी, गढूळ पाण्यात का उतरू नये, मैत्रीण बुडताना आपण उडी का घेऊ नये आणि ओढणी किंवा काठी कशी पुढे करावी, हे त्यांना कोणी शिकवलेले नसते. मामेभावाचे दुःख तुम्ही इतकी वर्षे एकटीने सांभाळले आहे. त्या घटनेतून मुलीला काही द्यायचे असेल तर हे शिकणे द्या. तिला ती हकीकत तुम्ही स्वतः, शांतपणे, एकदा सांगा. अकराव्या वर्षी ती नक्की समजते. पोहणे पाच दिवसांत येत नाही, त्यासाठी पुढच्या वर्षभरात तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी जाणत्या शिक्षकाकडे सोय होते का ते पाहा.

वाघाबाबत तुम्हाला खोटा धीर देणार नाही. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प १९९५ मध्ये झाला आणि तुमच्याच तालुक्यातील घोडाझरीला २०१८ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. परंतु नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही या पट्ट्यात वाघ संरक्षित क्षेत्राच्या बाहेरही, शेतीला आणि गावांना लागून राहतात. तरीही हल्ले बहुतांशी कोणावर होतात ते नीट पाहा. भल्या पहाटे मोहफूल वेचायला किंवा मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेली, एकमेकांपासून पांगलेली, खाली वाकून काम करणारी माणसे आणि गुराखी यांच्यावर ते होतात. पोटासाठी त्यांना ती वेळ आणि ती जागा टाळता येत नाही. शिबिराला ती टाळता येते. म्हणून चांगले शिबिर पुरते उजाडल्यानंतरच मुलांना बाहेर काढते, गावातील माहीतगार माणूस पुढे आणि एक मागे ठेवते, मुलांना दाटीने व बोलत चालवते, आणि दिवस मावळल्यावर कुंपणाबाहेर कोणालाही जाऊ देत नाही. मोहाच्या झाडाखाली अस्वल येते, याचेही भान त्यात असते. वनविभागाची लेखी परवानगी आहे का आणि त्या भागातील वनरक्षकांना शिबिराच्या तारखा ठाऊक आहेत का, हे विचारा. अलीकडे त्याच परिसरात हल्ला झाला असेल तर जागा बदलणार का, हेही विचारा. वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे. आणि पत्रकात कुठेही "वाघ दाखवू" असे आश्वासन असेल, तर ते पत्रक बाजूला ठेवा. मुलांच्या जिवावर वाघ दाखवण्याची घाई असलेल्या माणसांना जंगल कळलेले नसते, असे माझे ठाम मत आहे.

उन्हाचे तुम्हाला मी काय सांगावे? राज्यात इतरत्र शाळा जूनच्या मध्यावर उघडतात आणि आपल्या विदर्भात त्या जूनच्या अखेरीस, ते या उन्हामुळेच. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो. तेव्हा वेळापत्रक मागून घ्या : सकाळी साडेनऊपर्यंत भटकंती, त्यानंतर पाच वाजेपर्यंत सावलीत बसून करण्याची कामे, मधून मधून ओआरएस, पन्हे, ताक. दुपारी बारा वाजता "ट्रेकिंग" लिहिलेले दिसले तर पुढचे काही वाचण्याची गरज नाही. मूल बरळू लागले, अंग तापले आणि उलटी झाली, तर त्याला सावलीत आणून अंगावर पाणी ओतत ताबडतोब दवाखान्यात न्यायचे असते, हे शिबिरातील प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत हवे.

रात्रीचे प्रश्न पालक सहसा विचारत नाहीत, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहिते. मुली कुठे झोपणार, खाटेवर की जमिनीवर, आणि मच्छरदाणी असते का? मच्छरदाणी केवळ डासांसाठी नाही. मण्यार रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो आणि त्याच्या बारीक दातांचा दंश कित्येकदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या मिटू लागतात, आणि तोवर उशीर झालेला असतो. गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी हा त्यावरचा साधा आणि चांगला उपाय आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारे प्रतिविष सरकारी रुग्णालयांत मिळते. शिबिराच्या जागेपासून ते असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, तिथवर किती वेळ लागतो आणि रात्रभर गाडी व चालक थांबतात का, याचे उत्तर आयोजकांना तोंडपाठ असले पाहिजे. दंशाच्या जागी कापणे, घट्ट आवळून बांधणे किंवा मांत्रिकाकडे नेणे यांपैकी काहीही करणार नाही, हेही त्यांच्याकडून वदवून घ्या. स्वच्छतागृह झोपण्याच्या जागेला लागून, दिव्याच्या उजेडात आहे का? रात्री झुडपात जावे लागत असेल तर साप, विंचू, अस्वल, वाघ हे सगळेच प्रश्न एका वेळी उभे राहतात. मुलींच्या निवासात महिला कार्यकर्त्याच झोपतात का, आणि मुलीला घरी फोन करायचा असेल तेव्हा करू देतात का? मुलीलाही सांगून ठेवा की कोणाच्याही वागण्याने अवघड वाटले तर त्याच दिवशी तुम्हाला कळवायचे, आणि १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक तिच्याकडून पाठ करून घ्या.

आता सासूबाई. त्यांच्या बोलण्यात तक्रार आहे, परंतु त्यामागचा प्रश्न न्याय्य आहे. ज्या जंगलावर पिढ्यांनी पोट भरले, त्याची ओळख आपल्याच नातीला पैसे भरून करून घ्यावी लागते, हे कोणालाही बोचेल. आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा हे गाव २००९ मध्ये, २००६ च्या वनहक्क कायद्याखाली, सामूहिक वनहक्क मिळवणारे देशातील अगदी पहिल्या गावांपैकी एक ठरले. तिथल्या लोकांची ताकद हीच होती की आपले जंगल त्यांना पाठ होते. तशी ओळख सासूबाईंजवळ आहे आणि ती कोणत्याही पत्रकात छापलेली नाही. मोह रात्रीतून कसा टपकतो, टेंभरे कधी गोड होतात, चारोळीचे बी कसे फोडतात, तेंदूच्या सत्तर पानांचा पुडा कसा बांधतात, मोहाखालचा पाला जाळला की वणवा कसा पसरतो, हे त्या सांगू शकतील. शिबिर याची जागा घेऊ शकत नाही. मात्र शिबिर असे काही देते जे आजीच्या काळात तिला मिळाले नाही : टोपली भरण्याची घाई नसताना झाडाखाली बसून राहण्याची मुभा, नोंदी ठेवण्याची सवय, नवरंग आणि स्वर्गीय नर्तक या पक्ष्यांना नावाने हाक मारणाऱ्या बरोबरीच्या मैत्रिणी, आणि आईशिवाय पाच रात्री राहिल्याचा अनुभव.

म्हणून माझी सूचना अशी की शिबिराच्या आधीच्या दिवसांत मुलीला आजीबरोबर वावराच्या धुऱ्यावर म्हणजे बांधावर असलेल्या एखाद्या मोहाखाली पाठवा. जंगलात नव्हे, धुऱ्यावरच, आणि उजाडल्यावर. आजीने सांगायचे आणि नातीने वहीत लिहायचे. ती वही तिने शिबिरात न्यावी. आयोजक समजदार असतील तर पुढच्या वर्षी ते सासूबाईंनाच बोलावतील, आणि तसे तुम्ही त्यांना आत्ताच सुचवून पाहायला हरकत नाही.

शुल्क तुमच्या ऐपतीबाहेर असेल तर त्यासाठी उसनवारी करू नका. गावातील पाच-सात मुले, एक आजी, मामा (माजी मालगुजारी) तलावावर किंवा बोडीवर मासे धरणारे एक जाणते गृहस्थ आणि शाळेतील एखाद्या बाई एवढ्यांना घेऊन चार सकाळी काढल्या, तर मुलांना पुष्कळ मिळते. फक्त पाण्याचे आणि उन्हाचे वर लिहिलेले नियम तिथेही तसेच पाळायचे.

जाणे ठरलेच, तर सामान मोजके द्या. पूर्ण बाह्यांचे मातकट रंगाचे कपडे, बंद बूट, टोपी, गळ्यात शिट्टी, बॅटरी, पाण्याच्या दोन बाटल्या. सुवासिक तेल आणि अत्तर देऊ नका, वाटेत आग्या मोहोळ असू शकते. जंगलात सापडलेले शिंग, नख किंवा हाड पिशवीत घालून आणायचे नाही, ते कायद्याने गुन्हा आहे, हे तिला आधीच सांगा.

आयोजकांना फोन तुम्ही स्वतः करा, यजमानांवर सोपवू नका, कारण प्रश्न तुमचे आहेत. ज्यांना या प्रश्नांचा राग येईल त्यांच्याकडे मुलीला पाठवू नका. जे वही काढून एकेक उत्तर देतील आणि एखाद्या ठिकाणी "हे आमच्याकडून राहिले होते, करून घेतो" असे म्हणतील, त्यांच्यावर विश्वास ठेवा. जमल्यास शिबिराच्या आधी एकदा ती जागा पाहून या.

ती परत आल्यावर एका सकाळी तिच्याबरोबर तुमच्या गावच्या नदीवर जा. पाण्यात उतरू नका. काठावर, कोरड्या रेतीत, चप्पल काढून बसा आणि तिने काय काय पाहिले ते तिला तिथेच सांगू द्या. टिटवी ओरडू लागली तर कुठे पाय टाकायचा नाही, हे ती तुम्हाला दाखवील.